घरावर सोलर आणि बॅटरी: सरकार नक्की किती पैसे देतं? पुण्यातल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

धायरीत आमचं जुनं रो हाऊस आहे, त्याच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलंय. तेव्हापासून नात्यातले, शेजारचे, नवऱ्याच्या ऑफिसातले, सगळे मलाच फोन करतात. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी काही इंजिनीअर नाही, पण फॉर्म मी भरलाय आणि धक्के पण मीच खाल्लेत, त्यामुळे कुठे काय अडतं ते माहितीये.

सोलरला सरकार पैसे देतं म्हणजे नक्की कोण देतं आणि किती?

केंद्र सरकार देतं, योजनेचं नाव पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, ७५,०२१ कोटींची तरतूद आहे आणि २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत १ कोटी घरांवर सोलर बसवायचं असं ठरलंय. पैशांचा हिशोब एकदम सोपा आहे. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार, आणि तिथे संपलं. म्हणजे १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ ला ७८ हजार. ५ बसवा नाहीतर १० बसवा, ७८ हजारच.

हे आकडे कुठून आले असं एका काकांनी फार खोदून विचारलं होतं म्हणून सांगते. सरकारने एका किलोवॅटचा खर्च ५० हजार धरला आणि त्याचे ६० टक्के दिले, तिसऱ्या किलोवॅटचा खर्च ४५ हजार धरून त्याचे ४० टक्के. बाजारात तुम्हाला कोटेशन याच्या वर येतं, विशेषतः गच्चीवर उंच स्ट्रक्चर उभं करायचं असेल तर बरंच वर, पण सबसिडी याच आकड्यावर फिक्स आहे. टक्केवारीत नाही मिळत, त्यामुळे कोणी "तुम्हाला ६० टक्के सबसिडी मिळवून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आणि बॅटरीला? बॅटरीला किती मिळतात?

शून्य. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून आधीच सांगून टाकते. घरच्या बॅटरीला सूर्यघरमध्ये एक रुपया नाही. बॅटरीवालं, म्हणजे हायब्रिड सिस्टीम लावायला बंदी नाहीये, ती लावली म्हणून सबसिडी जात पण नाही, पण पैसे फक्त सोलरच्या किलोवॅटवर मिळतात, बॅटरीचे तुमचे तुम्ही. आणि सिस्टीम महावितरणच्या लाईनला जोडलेली पाहिजे. नुसतं पॅनल, बॅटरी आणि लाईनशी संबंधच नाही असं केलंत तर मग ते ७८ हजार पण विसरा.

पण मी तर वाचलं की सरकार बॅटरीला हजारो कोटी देतंय?

बरोबर वाचलंत, फक्त ते तुमच्या जिन्याखालच्या बॅटरीसाठी नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने ४,००० मेगावॅट-तास क्षमतेच्या बॅटरी प्रकल्पांना मदत मंजूर केली, त्यात ३,७६० कोटी सरकारचे. ते सगळे कंटेनरएवढे मोठे प्रकल्प असतात, वीज कंपन्यांच्या ग्रिडसाठी. व्हॉट्सअपवर त्या बातमीचं "आता बॅटरी मोफत" होतं आणि संध्याकाळपर्यंत मला चार जणांचे मेसेज.

दुसरा गोंधळ परदेशातल्या नातेवाईकांमुळे होतो. माझा भाचा सिडनीला असतो, तो फोनवर म्हणाला मामी आम्हाला बॅटरीवर सरकारने जवळपास ३० टक्के सूट दिली, तुम्ही पण घ्या. अरे बाबा ती ऑस्ट्रेलियाची योजना, १ जुलै २०२५ पासूनची. आणि त्यांना त्याची गरज पण आहे, कारण तिकडे दुपारी ग्रिडला दिलेल्या विजेचे फार कमी पैसे मिळतात, त्यामुळे बॅटरीत साठवून रात्री वापरली तर फायदा. आपल्याकडे गणित वेगळं आहे, ते खाली सांगते.

मग बॅटरी घ्यायची की नाही?

इथे जरा सविस्तर लिहिते कारण लोक इथेच लाख-दीड लाख घालवून बसतात.

आपल्याकडे नेट मीटर असतो. दुपारी तुमचं सोलर ८ युनिट जास्तीचे बनवतं, ते लाईनमध्ये जातात आणि मीटरमध्ये तुमच्या नावावर जमा होतात. रात्री तुम्ही पंखे, टीव्ही, फ्रिज चालवता तेव्हा ते युनिट परत घेता. महिन्याच्या शेवटी आत-बाहेरची वजाबाकी होते आणि जे उरेल तेवढंच बिलाला लागतं. म्हणजे महावितरणची लाईन हीच तुमची बॅटरी आहे, आणि ती पण फुकट, न फुगणारी, पाणी न मागणारी. म्हणून बिल कमी करायला बॅटरीचा आपल्याकडे उपयोग नाही, बिल बॅटरीशिवाय पण तेवढंच कमी होतं.

मग बॅटरी कशासाठी? फक्त लाईट गेल्यावर. आणि इथे एक धक्का बसतो, जो आम्हाला पण बसला. जूनमध्ये वळवाचा पाऊस झाला, कुठेतरी झाड पडलं, लाईट गेली. अकरा वाजले होते, पाऊस थांबून कडक ऊन पडलेलं, गच्चीवर सहा पॅनल चकचकीत धुतलेले आणि घरात पंखा बंद. सासूबाई म्हणाल्या, "एवढे पैसे घातले ते कशाला?" मी इन्स्टॉलरला फोन लावला तर तो शांतपणे म्हणाला मॅडम असंच असतं. खरंच असंच असतं. साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करून थेट लाईनला जोडणारा बॅटरीशिवायचा डबा, लाईन गेली की स्वतःहून बंद पडतो, तो तसाच बनवलेला असतो, कारण नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज लाईनमध्ये जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. कारण पटतं, पण हे आधी सांगायला हवं होतं ना.

आता किती बॅटरी लागते त्याचा हिशोब. लाईट गेल्यावर आमच्या घरात चार पंखे, फ्रिज, पाच-सहा एलईडी आणि वायफाय चालू राहिला तरी पुष्कळ. पंखे मिळून पावणेतीनशे वॅट, फ्रिज दीडशेच्या आत, बाकी सत्तर-ऐंशी. म्हणजे ५०० वॅट, दोन तासाला १ युनिट. तुमच्याकडे जी नेहमीची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आहे ती कागदावर १.८ युनिटची, पण ती पूर्ण रिकामी करायची नसते, निम्मी-अर्धी वापरायची, म्हणजे १ युनिट धरा. दोन तास गेले. आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी घेतली तर त्यातले साडेचार वापरता येतात, म्हणजे तेवढ्याच लोडला नऊ तास. गीझर, एसी, पाण्याची मोटर यांना त्यात धरू नका.

मला आलेल्या कोटेशनात ५ युनिटची लिथियम आणि हायब्रिड इन्व्हर्टरचा फरक मिळून दीड लाखाच्या वर जात होतं. आमच्याकडे लाईट जाऊन जाऊन जाते किती, महिन्यातून तीन-चार तास. त्यासाठी दीड लाख? नाही घेतली. त्याऐवजी जुना इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी होती ती तशीच ठेवली, ती लाईनवर चार्ज होते, आणि लाईनचे युनिट आपण सोलरने भरतोच, म्हणजे फिरून सोलरवरच चार्ज झाली. ज्यांच्या घरी ऑक्सिजन मशीन आहे किंवा कोणी घरून काम करतं आणि दिवसभर मीटिंगा असतात, किंवा गावाकडच्या फीडरवर घर आहे जिथे लाईट सहा-सहा तास जाते, त्यांनी घ्यावी. पण मग ती सोयीसाठी घ्या, "बॅटरीचे पैसे चार वर्षात वसूल" असं कोणी गणित मांडून दाखवलं तर त्याला नेट मीटर कसा चालतो ते विचारा.

नंतर घेऊ असा विचार असेल तर सुरुवातीलाच हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन ठेवता येतो, बॅटरी मागाहून जोडायची. किंमतीत फरक पडतो पण पुढे इन्व्हर्टर बदलायचा खर्च वाचतो. कोणती बॅटरी त्याला चालते ते मात्र आधीच लिहून घ्या.

किती किलोवॅट लावू?

बिल काढा आणि मागच्या १२ महिन्यांचे युनिट बघा, बिलावरच छापलेले असतात. पुण्यात १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, महिन्याला १२०. त्याने भागा. आमचे महिन्याला २८० जायचे, मेमध्ये ३४०, म्हणून ३ किलोवॅट.

जास्तीचं लावून वीज विकू आणि पैसे कमवू हे डोक्यातून काढा. जमा झालेले युनिट पुढच्या महिन्यात जातात पण फक्त ३१ मार्चपर्यंत, तेव्हा जे शिल्लक राहतील त्याचे पैसे मिळतात पण तुम्ही वीज घेता त्या दराच्या मानाने अगदीच कमी. त्यामुळे वर्षाचा मेळ बसेल एवढंच लावायचं. एप्रिल-मेमध्ये पॅनल दणकून वीज बनवतं, जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे निम्म्यावर येतं, पण उन्हाळ्यात साठलेलं पावसाळ्यात वापरलं जातं, वर्ष एप्रिलला सुरू होतं ते आपल्या पथ्यावरच पडतं.

आणि पुढे इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल किंवा गॅसऐवजी इंडक्शनवर जायचं असेल तर ते आत्ताच धरा, मागाहून वाढवताना परत सगळे कागद.

जागा किती लागते?

एका किलोवॅटला साधारण १०० स्क्वेअर फूट. आमचे सहा पॅनल आहेत, प्रत्येक साडेसात फूट बाय पावणेचार फूट, तोंड दक्षिणेला. सावली बघा, ती सगळ्यात महत्त्वाची. पाण्याची टाकी, डिशची छत्री, शेजारचा नारळ. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर जाऊन मोबाईलवर फोटो काढा, तेही डिसेंबरमध्ये जमलं तर उत्तम कारण तेव्हा सावल्या लांब पडतात. आमच्या ओळखीत कोथरूडला एकांनी थाटात ५ किलोवॅट लावलं आणि दीड वर्षात शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंटची अकरा मजली उभी राहिली. आता दुपारी तीननंतर त्यांचं सोलर झोपतं. पुण्यात हा प्रश्न येणारच, शेजारी जुनी तीन मजली सोसायटी असेल तर त्यांच्या मीटिंगमध्ये काय शिजतंय ते आधी काढून घ्या.

३०० युनिट फुकट म्हणतात ते काय आहे?

ते सरकार देत नाही, तुमचं पॅनल देतं. ३ किलोवॅट महिन्याला तीनशे-साडेतीनशे युनिट बनवतं म्हणून तसं म्हणतात. बिल शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच, सिंगल फेजला १३० च्या आसपास आणि वर १६ टक्के वीज शुल्क. आमचं बिल ३ हजारच्या पुढे यायचं, आता दीडशे-पावणेदोनशे येतं. थ्री फेज मीटर असेल तर स्थिर आकार तिपटीहून जास्त असतो हे लक्षात ठेवा, नुसतं "भारी वाटतं" म्हणून थ्री फेज करून घेऊ नका.

फायदा नक्की कोणाला?

ज्यांचे युनिट १०० च्या पुढे जातात त्यांना. महावितरणचे स्लॅब १०० ला बदलतात आणि १०१ व्या युनिटपासून दर जवळजवळ दुप्पट होतो, ३०० ला परत चढतो, ५०० ला परत. सोलर ते वरचे महागडे युनिट आधी खाऊन टाकतं. आम्हाला सिस्टीम १ लाख ९५ हजारला पडली, ७८ हजार परत आले, खिशातून गेले १ लाख १७ हजार. वर्षाला ३३-३४ हजार वाचतात, साडेतीन वर्षांत फिटतं. पॅनलवर कंपन्या २५ वर्षांची वॉरंटी देतात, इन्व्हर्टर मात्र मधे एकदा बदलावा लागेल असं धरून चाला.

आमचे युनिट ७०-८० च जातात, आम्ही काय करायचं?

तुमच्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये वेगळी भर घातली, स्मार्ट योजना, लांबलचक नाव स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप सोलर योजना. दारिद्र्यरेषेखालची घरं आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेली आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरं, असे मिळून ५ लाख ग्राहक, ६५५ कोटी. १ किलोवॅटचा खर्च ५० हजार, त्यात केंद्राचे ३० हजार. उरलेल्या २० हजारात दारिद्र्यरेषेखालच्यांना राज्य १७,५०० देतं, म्हणजे त्यांना भरायचे फक्त अडीच हजार. अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकांना १५ हजार, त्यांचे ५ हजार. सर्वसाधारण गटाला १० हजार, त्यांचे १० हजार. तुमच्या धुणं-भांडीवाल्या ताईंचं स्वतःचं घर आणि मीटर असेल तर त्यांना हे आवर्जून सांगा, या योजनेबद्दल ज्यांना माहिती असायला पाहिजे त्यांनाच नसते.

फॉर्म कुठे भरायचा? एजंट लागतो का?

एजंट लागत नाही. साईट एकच, पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन. मोबाईल नंबर टाकून रजिस्टर करायचं, राज्य महाराष्ट्र, वीज कंपनी महावितरण आणि बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक. मग अर्ज. पूर्वी इथे तांत्रिक तपासणीत आठवडे जायचे, आता १० किलोवॅटपर्यंत ती भानगड नाही, केंद्राने २०२४ मध्ये नियमच बदलले, अर्ज मंजूर धरला जातो आणि मंजूर भार कमी असेल तर तो पण वाढवून दिला जातो.

मग यादीतला व्हेंडर निवडायचा. यादीतलाच, कारण बाहेरच्या माणसाकडून बसवलं तर सबसिडी नाही. तो बसवतो, फोटो अपलोड करतो, महावितरण तपासून नेट मीटर बसवतं, कमिशनिंगचा, म्हणजे सिस्टीम चालू झाल्याचा रिपोर्ट साईटवर येतो, आणि मग तुम्ही बँकेचे डिटेल टाकून सबसिडीची रिक्वेस्ट टाकायची. ही शेवटची पायरी लोक विसरतात! मीटर बसला, बिल कमी आलं, सगळे खूष, आणि तीन महिन्यांनी विचारतात पैसे का नाही आले. रिक्वेस्ट टाकल्यावर ३० दिवसांत येतात असं सरकार सांगतं, आम्हाला तेविसाव्या दिवशी आले.

म्हणजे लक्षात घ्या की पैसे आधी पूर्ण भरायचे, सबसिडी नंतर. व्हेंडर "सबसिडी वजा करून द्या" म्हणाला तर तो लोकांना बरं वाटावं म्हणून म्हणतो, पण पैसे तुमच्याच खात्यात येणार असतात, मग तो पुढच्या तारखेचा चेक मागतो, आणि मग भांडणं.

कागद काय लागतात?

वीजबिल, आधार, पॅन, घराचा पुरावा म्हणजे मिळकतकराची पावती किंवा इंडेक्स टू, बँक पासबुक नाहीतर कॅन्सल चेक. एवढंच. पण त्यातली गोम नावात आहे.

आमच्या बिलावर सासऱ्यांचं नाव होतं, ते जाऊन सहा वर्षं झाली होती. बिल ऑनलाईन भरलं जायचं, नाव कोण बघतंय. अर्ज भरायला बसले तेव्हा कळलं की बिलावर एक नाव, बँकेत दुसरं, आधारवर मधलं नाव वेगळं, असं चालत नाही. मग आधी बिलावरचं नाव बदलायचं, त्याला मृत्यूचा दाखला, वारसांची ना हरकत, नणंदेची सही हवी, नणंद नाशिकला, तिला वाटलं घराच्याच वाटणीचं काहीतरी चाललंय, तिची समजूत काढण्यात एक रविवार गेला. दोन महिने असेच गेले. चूक आमचीच. म्हणून सोलरचा नुसता विचार असेल तरी आजच बिल हातात घेऊन नाव वाचा, आणि स्पेलिंग पण वाचा.

फ्लॅटमध्ये राहतो, आम्हाला काय?

गच्ची सोसायटीची असते, त्यामुळे एकट्याने पॅनल लावायचं तर सोसायटीची लेखी परवानगी पाहिजे आणि ती मिळवणं हे सोलर बसवण्यापेक्षा अवघड काम आहे, कारण सगळ्यांनाच लावावंसं वाटलं तर गच्ची पुरत नाही आणि तिथे पापड वाळत घालणाऱ्या काकूंचं मत सगळ्यात जड असतं. त्यापेक्षा सोसायटीच्या कॉमन मीटरसाठी लावा. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग. त्याला किलोवॅटला १८ हजार मिळतात, प्रत्येक घरामागे ३ किलोवॅट या हिशोबाने जास्तीत जास्त ५०० किलोवॅटपर्यंत. मेंटेनन्समध्ये विजेचा वाटा केवढा असतो ते हिशोब बघितल्यावर कळतं, मोटर आणि लिफ्टच सगळं खातात.

सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, आणि कॉमन मीटर सोसायटीच्याच नावावर पाहिजे. बऱ्याच ठिकाणी तो अजून बिल्डरच्या नावावर असतो, आधी ते बघा. आणि सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू असेल तर थांबा, सबसिडी एकदाच मिळते.

भाड्याच्या घरात?

नाही. घर आणि गच्ची तुमची पाहिजे. घरमालकाला सांगून बघा, त्याचं बिल तुम्ही भरत असाल तर तो कशाला ऐकेल.

हातात एवढे पैसे नाहीत, लोन मिळतं का?

मिळतं आणि बऱ्यापैकी स्वस्त मिळतं. तारण लागत नाही, व्याज रेपो रेटच्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) वर अर्धा टक्का. योजना सुरू झाली तेव्हा ७ टक्क्यांच्या आसपास होतं, रेपो खाली आला तसं तेही खाली आलं. ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांपर्यंत कर्ज, १० टक्के स्वतःचे घालायचे. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून, सरकारी बँकांमधून. सबसिडी आली की ती मोडून सोफा घेऊ नका, कर्जातच भरून टाका म्हणजे हप्ता वीजबिलाच्या बचतीतच बसतो.

व्हेंडर स्वतःचं "झीरो इंटरेस्ट" फायनान्स देतो तेव्हा कॅशची किंमत वेगळी विचारून बघा. व्याज किंमतीत घुसवलेलं असतं.

डीसीआर पॅनल म्हणजे काय? व्हेंडर म्हणतो दुसरे स्वस्त पडतील.

डीसीआर म्हणजे पॅनल पण भारतातलं आणि त्यातले सेल पण भारतातले. सबसिडी फक्त यालाच. नुसतं पॅनल इथे जोडलं आणि सेल बाहेरून आणले तर ते चालत नाही. नॉन डीसीआर स्वस्त असतात हे खरं, पण ३ किलोवॅटला ७८ हजार सोडून स्वस्तात काय पडणार. ८-१० किलोवॅट लावणाऱ्यांनी दोन्ही कोटेशनं मागवून वजाबाकी करावी, तिथे कधीकधी सबसिडी सोडलेली परवडते. प्रत्येक पॅनलच्या मागे सिरीयल नंबर असतो, स्ट्रक्चरवर चढवायच्या आधीच फोटो काढा, नंतर खाली झोपून बघावं लागतं. मी झोपून बघितलंय, गच्चीवर, मे महिन्यात.

कोटेशनमध्ये काय बघायचं?

सगळ्यात आधी जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर १२ चा ५ टक्के झाला. बसवून देण्याचं काम धरून ७० टक्के रकमेवर ५ आणि ३० टक्के रकमेवर १८ लागतो, म्हणजे एकूण ८.९ टक्के पडतो, पूर्वी १३.८ पडायचा. कोणी अजून जुनाच लावत असेल तर विचारा. बॅटरी वेगळी घेतली तर तिला १८ टक्के, आधीपासून इन्व्हर्टरला होत्या त्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांना तर २८ होता तो १८ वर आला.

मग अर्थिंग. तीन खड्डे पाहिजेत, एक डीसीचा, एक एसीचा, एक विजेच्या तडाख्यासाठी लायटनिंग अरेस्टरचा. आमच्याकडे आलेल्या पोरांनी दोनच खणले आणि तिसरी तार हळूच जुन्या घराच्या अर्थिंगला जोडायला निघाले होते, मी चहा घेऊन गेले म्हणून दिसलं. स्ट्रक्चर गॅल्व्हनाईज्ड आहे का, नुसता चंदेरी रंग मारलाय का ते नखाने खरवडून बघा. गच्चीत भोकं पाडली तर वॉटरप्रूफिंग कोण करून देणार ते लिहून घ्या, नाहीतर पावसाळ्यात खालच्या खोलीत बादली ठेवाल. आणि ५ वर्षं देखभाल व्हेंडरनेच करायची हे योजनेच्या करारातच आहे, तिचे वेगळे पैसे लावले असतील तर खोडायला सांगा.

पुणे महापालिका काही देते का?

रोख काही नाही, पण मिळकतकरात सवलत आहे. सोलर, गांडूळ खत, पावसाचं पाणी जिरवणं यातलं एक केलं तर ५ टक्के, दोन किंवा जास्त केले तर १० टक्के, सर्वसाधारण करात. आपोआप मिळत नाही, अर्ज करायचा, माणूस येऊन बघून जातो. आणि प्रकल्प चालू ठेवावा लागतो, बंद दिसला तर सवलत काढतात.

सोलर वॉटर हीटरला सबसिडी?

सूर्यघरमध्ये तो बसत नाही. तो वेगळा प्रकार, पाणी तापवतो, वीज बनवत नाही. पण गच्चीवर आधीच असेल तर काढू नका, गीझरचे युनिट वाचतात तेवढं सोलर कमी लागतं.

गावाकडे शेतात सोलर पंप याच योजनेतून?

नाही, त्याला मागेल त्याला सौर कृषी पंप योजना. तिथे शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के. पुण्यातल्या घराचा आणि त्याचा संबंध नाही.

फोन येतो, "तुमचं घर सूर्यघरमध्ये सिलेक्ट झालंय, २,००० भरा".

सिलेक्ट वगैरे काही नसतं, लॉटरी नाहीये ही. अर्ज तुम्ही करायचा असतो. रजिस्ट्रेशनला फी नाही. ओटीपी सांगायचा नाही, लिंक उघडायची नाही, फोन ठेवायचा.

पॅनल धुवायचं किती वेळा?

आमच्याकडे दर १५ दिवसांनी, सकाळी सातच्या आत, पॅनल गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. साधं पाणी आणि लांब दांड्याचा मऊ मॉप, साबण नाही. बोअरचं जड पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, पुसून घ्या. सिंहगड रोडला कामं चालू असली की धुळीचा थर चार दिवसांत बसतो, तेव्हा मी ॲपवर बघते, रोजचे १२ युनिट ११ वर आले की मॉप घेऊन वर. गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी. खरा वैताग पारव्यांचा आहे, पॅनलखालच्या सावलीत त्यांनी घरटी केली आणि वायरी चिवडल्या, शेवटी चारी बाजूंनी बारीक जाळी मारून घेतली. तिचा खर्च कोटेशनमध्येच धरायला सांगा, मागाहून जाळी मारायला वेगळा माणूस बोलावला की तो पॅनलवर पाय देऊन चढतो.